ज्यांना सगळं आठवतं, त्यांचीही साक्ष तपासून घ्या

कोर्टात साक्षीदाराला अडवणारा प्रश्न बहुतेक वेळा साधाच असतो. आरोपीच्या अंगात कोणत्या रंगाचा शर्ट होता? तो डावीकडून आला की उजवीकडून? पहिला वार झाला तेव्हा तुम्ही बसलेले होता की उभे? घटनेला पाच-सात वर्षं होऊन गेलेली असतात. साक्षीदार "आठवत नाही" म्हणाला, की त्याने काही पाहिलंच नव्हतं असा युक्तिवाद होतो. त्याने रंग, दिशा, वेळ घडाघडा सांगितली, की साक्ष विश्वासार्ह वाटू लागते. दोन्हीकडे गृहीतक एकच: ज्याला तपशील आठवतो तो खरं सांगतो.

हे गृहीतक पारखून बघायला जगात एक छोटा, पण फार कामाचा गट आहे. या लोकांना आपल्या आयुष्यातला जवळपास प्रत्येक दिवस आठवतो. तारीख सांगितली की वार, त्या दिवशी काय घडलं, कोण भेटलं, हे ते काही क्षणांत सांगतात. संशोधक याला हायली सुपिरिअर ऑटोबायोग्राफिकल मेमरी, थोडक्यात 'एचसॅम', म्हणतात. तपशील म्हणजे सत्य हे समीकरण कुठे टिकायचंच असेल तर ते या लोकांच्या बाबतीत टिकायला हवं होतं. तिथेही ते टिकलं नाही. आपल्या तपासयंत्रणेने आणि न्यायालयांनी याची दखल घ्यायला हवी, असं या लेखाचं म्हणणं आहे.

आधी ही स्मृती म्हणजे नेमकं काय, ते पाहू. जून 2000 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन इथल्या शाखेत जेम्स मॅगॉ या स्मृतिसंशोधकांना एका बाईंचं ईमेल आलं. आपल्याला गेली कित्येक वर्षं दिवसन् दिवस आठवतात आणि हा प्रवाह थांबवता येत नाही, अशी तक्रार त्यात होती. एलिझाबेथ पार्कर, लॅरी केहिल आणि मॅगॉ यांनी त्यांचा काही वर्षं अभ्यास केला आणि 2006 मध्ये 'एजे' या टोपणनावाने तो प्रसिद्ध केला. पुढे 2008 मध्ये त्या स्वतःच जिल प्राइस या नावाने लोकांसमोर आल्या. 5 फेब्रुवारी 1980 पासूनचा प्रत्येक दिवस आठवतो, असं त्या सांगतात. त्याआधीची आठवणही दाट आहे, पण अखंड नाही.

त्यांच्या चाचण्या वाचताना थक्क व्हायला होतं. काहीही पूर्वसूचना न देता त्यांना 1980 ते 2003 या काळातल्या सगळ्या ईस्टरच्या तारखा लिहायला सांगितल्या. ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो, आणि या बाई ज्यू, म्हणजे घरात हा सण नाही. त्यांनी 10 मिनिटांत 24 तारखा लिहिल्या, प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशी आपण काय केलं तेही लिहिलं. चुकली फक्त एक तारीख, दोन दिवसांनी. इराणमधल्या अमेरिकी ओलिसांच्या प्रकरणाच्या तारखेवरून त्यांचं आणि संशोधकांच्या हातातल्या संदर्भग्रंथाचं जुळेना, तेव्हा शोध घेतल्यावर ग्रंथच चुकलेला निघाला.

आता दुसरी बाजू. कित्येक तास समोर बसलेल्या संशोधकांनी त्यांना अचानक डोळे मिटायला लावून विचारलं, आम्ही आज कोणते कपडे घातलेत? त्यांना सांगता आलं नाही. शाळेत पाठांतर त्यांना जड जायचं, गुण बेताचे असायचे. आपल्याकडे अशा माणसाबद्दल ऐकलं की पहिला प्रश्न येतो, "मग दहावीला किती टक्के?" तो इथे गैरलागू आहे. वेदपाठशाळेत घनपाठ करणारा विद्यार्थी किंवा एकाच वेळी अनेक गोष्टी ध्यानात ठेवून दाखवणारा अवधानी हे कमावलेल्या, नेमक्या मजकुरावर चालणाऱ्या स्मृतीचे धनी असतात. एचसॅममध्ये मजकूर स्वतःचं आयुष्य एवढाच, आणि तोही न मागता साठलेला. 'फोटोग्राफिक मेमरी' हा वर्तमानपत्री शब्द दोघांनाही लावला जातो आणि दोघांच्याही बाबतीत तो चुकीचं चित्र उभं करतो.

ओळख पटवण्याची पद्धतही इथे सांगायला हवी, कारण घरगुती प्रात्यक्षिकांवर फार लोक भुलतात. अर्वाइनच्या गटाने दोन पायऱ्या ठेवल्या. पहिली, 30 प्रश्नांची सार्वजनिक घटनांची चाचणी: कधी घटना सांगून तारीख विचारायची, कधी तारीख सांगून घटना. त्यातून जे पार होतील त्यांना संगणकाने निवडलेल्या 10 तारखा. प्रत्येक तारखेसाठी तीन गोष्टी: वार, त्या तारखेच्या मागेपुढे महिन्याभरात घडलेली पडताळता येण्याजोगी एखादी घटना, आणि त्या दिवशीचं स्वतःचं काहीतरी. नुसता वार सांगणं पुरत नाही, कारण वार काढण्याची सूत्रं पाठ करता येतात. माणसाने स्वतः निवडलेल्या तारखा चालत नाहीत. लग्नाचा, निकालाचा, अपघाताचा दिवस कुणालाही आठवतो. आणि पडताळणी त्याच माणसाच्या तोंडून करायची नसते. प्राइस यांच्याकडे वयाच्या दहाव्या वर्षापासून चौतिसाव्यापर्यंतच्या डायऱ्या होत्या, म्हणून त्यांची परीक्षा घेता आली. मराठी घरात कुणी असा दावा करत असेल तर जुनी कालनिर्णय काढा. दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, पाहुणे आल्याची खूण, हे सगळं त्यावर लिहिलेलं असतं आणि ते चाचणीसाठी लिहिलेलं नसतं, हे त्यातलं सर्वांत चांगलं. या गाळणीतून आजवर जगभरात फार थोडे लोक पार झाले आहेत. आकडा शंभराच्या आसपास फिरतो.

ऑरोरा लेपोर्ट आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये अशा 11 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूच्या रचनेत काही भागांत फरक दिसले. मेंदूच्या कानशिलाकडच्या भागाला पुढच्या भागाशी जोडणारा तंतूंचा जुडगा हा त्यांपैकी एक. पण हे फरक कारण आहेत की आयुष्यभराच्या सवयीचा परिणाम, ते त्यातून ठरत नाही. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या बऱ्याच स्मृतिचाचण्यांत हे लोक इतरांसारखेच निघाले. ठळक फरक स्वभावात दिसला: वस्तू जपणं, क्रम लावणं, तीच गोष्ट मनात पुन्हा पुन्हा घोळवणं यांचं प्रमाण जास्त. भूतकाळ सतत उजळत राहणं हेच या स्मृतीमागचं मोठं कारण असावं, हा अंदाज त्यामुळे बळावतो.

2016 च्या अभ्यासाने मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं निरीक्षण पुढे आणलं. एक आठवड्यापूर्वीच्या दिवसाबद्दल विचारलं तेव्हा एचसॅम असलेले आणि नसलेले लोक जवळपास सारखेच तपशील देत होते. फरक महिन्यानंतर, वर्षानंतर, दहा वर्षांनंतर पडत गेला. म्हणजे त्यांचं टिपणं आपल्यापेक्षा चांगलं नाही. त्यांच्याकडून गळत नाही एवढंच. हा आठवड्याचा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे लागेल.

अशा स्मृतीसोबत जगणं कसं असतं? काहींना ती आवडते. अमेरिकी अभिनेत्री मेरिलू हेनर यांनी आपल्या या स्मृतीबद्दल कायम उत्साहाने सांगितलं आहे. प्राइस यांचा अनुभव उलटा आहे, आणि त्यातली अडचण समजण्यासारखी आहे. आपल्या बहुतेकांच्या बाबतीत वाईट प्रसंगाची धार चांगल्या प्रसंगापेक्षा लवकर बोथट होते. प्रसंग आठवतो, पण तेव्हाची चिडचीड किंवा लाज तशीच्या तशी परत येत नाही. ज्यांच्याकडे तारखेसरशी अख्खा दिवसच उघडतो, त्यांच्याकडे ती परत येते. औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचली, रेडिओवर जुनं गाणं लागलं, एवढं निमित्त पुरतं. या अवस्थेसाठी वेगळा उपचार नाही, कारण मानसोपचाराच्या वर्गीकरणात हा आजारच नाही. त्यासोबत चिंता, नैराश्य किंवा मंत्रचळ असेल तर त्यावर मात्र नेहमीचे उपचार व्हायला हवेत, आणि "तुझी तर देणगी आहे" म्हणून ते लांबवू नयेत. लग्नसमारंभात "सांग बरं, अमुक तारखेला काय वार होता" असं करून दाखवायला लावणंही थांबवावं. ती तारीख त्या माणसासाठी कोणता दिवस उघडेल, हे विचारणाऱ्याला ठाऊक नसतं.

घरात आणखी एक गोष्ट बिघडते, आणि ती आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. असा माणूस तारखांच्या बाबतीत इतक्या वेळा बरोबर ठरतो की बाकीच्या बाबतीतही त्याचंच खरं मानलं जातं. भांडण 14 तारखेला, बुधवारी, जेवणानंतर झालं हे खरं निघतं. मग "तेव्हा तू मला मुद्दाम टोमणा मारलास" हेही खरं धरलं जातं. वार कॅलेंडरमध्ये तपासता येतो. टोमण्यामागचा हेतू कुठे तपासणार? ज्या तपशिलाची खात्री करता येते तो आपली पत न तपासलेल्या तपशिलाला उसनी देतो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात नेमकं हेच घडतं.

लॉरेन्स पॅटिहिस, एलिझाबेथ लॉफ्टस आणि इतरांनी 2013 मध्ये याच ठिकाणी बोट ठेवलं. एचसॅम असलेले 20 आणि तुलनेसाठी 38 सामान्य स्मृतीचे लोक त्यांनी घेतले आणि खोट्या आठवणी निर्माण करणाऱ्या, आधीपासून सिद्ध असलेल्या चाचण्या दोघांवर लावल्या. एक शब्दयादीची. पलंग, उशी, रात्र, जांभई, स्वप्न, अंगाई असे एकाच भोवतीचे शब्द ऐकवायचे, 'झोप' हा शब्द मात्र यादीत ठेवायचा नाही. नंतर विचारलं की बहुतेक लोक 'झोप' ऐकल्याचं छातीठोक सांगतात. एचसॅमवालेही तितकेच फसले. दुसरी चाचणी छायाचित्रांची: एका चोरीची चित्रमालिका दाखवायची, मग तीच घटना लेखी वाचायला द्यायची आणि त्यात काही तपशील चुकीचे पेरायचे. पेरलेले तपशील दोन्ही गटांनी 'पाहिले' म्हणून सांगितले. तिसरी चाचणी अधिक झोंबणारी. 11 सप्टेंबर 2001 रोजी पेनसिल्व्हेनियात कोसळलेल्या युनायटेड 93 विमानाच्या पडण्याचं चित्रीकरण अस्तित्वातच नाही. ते असल्याचं सूचित केल्यावर साध्या गटातल्या 29 टक्के, तर एचसॅम गटातल्या 20 टक्के लोकांनी ते पाहिल्याचं सांगितलं. हा फरक सांख्यिकीच्या कसोटीवर नगण्य ठरतो.

म्हणजे जगातली सर्वांत टिकाऊ व्यक्तिगत स्मृतीसुद्धा बाहेरून आलेली माहिती आत घेते आणि तिला अनुभवाचा रंग देते. आठवण काढताना मेंदू दरवेळी तुकडे जुळवतो. एचसॅमवाल्यांकडे तुकडे जास्त असतात, जुळवण्याची रीत तीच. मग ज्याने एकदाच, घाबरलेल्या अवस्थेत, अंधुक उजेडात काही पाहिलं, त्याच्या पाच वर्षांनंतरच्या तपशिलांवर आपण किती भार टाकावा?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने यातली अर्धी गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. भरवाडा भोगिनभाई हिरजीभाई विरुद्ध गुजरात राज्य या 1983 च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की साक्षीदाराकडून छायाचित्रासारख्या स्मृतीची अपेक्षा करता येत नाही, मनाच्या पडद्यावर व्हिडिओ टेप पुन्हा लावली जात नाही. माणसं संभाषणाचे नेमके शब्द सांगू शकत नाहीत, वेळेचा अंदाजच बांधतात, घटनाक्रमात गोंधळतात, आणि उलटतपासणीच्या दडपणाखाली तपशील कल्पनेने भरून काढतात, हेही त्या निकालात आहे. प्रकरण लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं होतं. किरकोळ विसंगतीवरून पीडितांची साक्ष फेकून देऊ नये, हा त्याचा निष्कर्ष आजही शेकडो निकालांत उद्धृत होतो, आणि तो योग्यच आहे.

उरलेली अर्धी गोष्ट मात्र आपण तशीच ठेवली. तपशील नसला म्हणून साक्ष खोटी ठरत नाही, हे मान्य. मग तपशील असला म्हणून ती खरी ठरत नाही, हेही मान्य करायला हवं. निकालपत्रांत "साक्षीदाराने घटनेचं बारीकसारीक वर्णन केलं आहे, त्यावर अविश्वास ठेवण्याचं कारण नाही" अशा धाटणीची वाक्यं सहज येतात. बारीकसारीक वर्णन पढवलेला साक्षीदारही करतो, आणि प्रामाणिकपणे चुकलेलाही. यातला दुसरा जास्त धोक्याचा, कारण उलटतपासणीत तो डगमगत नाही. त्याच्या मते तो खरंच बोलत असतो.

ही समजूत यंत्रात घालण्याचा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. पुण्यातल्या एका खून खटल्यात 2008 मध्ये सत्र न्यायालयाने दोषी ठरवताना इतर पुराव्यांबरोबर मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचाही आधार घेतला. डोक्याला 32 इलेक्ट्रोड लावायचे, गुन्ह्याच्या टप्प्यांची 'मी' ने सुरू होणारी वाक्यं ऐकवायची, आणि ऐकणाऱ्याला ती गोष्ट नुसती माहीत आहे की ती त्याने अनुभवली आहे हे लहरींवरून ठरवायचं, अशी ती पद्धत. त्याच वर्षी निम्हान्स या बंगळुरूतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तिला शास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या सेल्वी निकालात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरींच्या चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत असा दंडक घातला. पण तो निकाल मुख्यतः संमतीच्या आणि स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्कावर उभा आहे. संमती दिली तरी मूळ अडचण उरतेच: खोटी आठवणही अनुभवल्यासारखीच वाटते. न झालेलं चित्रीकरण 'पाहिलेल्या' माणसाच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून तुम्ही नक्की काय मोजणार?

मग करायचं काय? पोलीस ठाण्यातल्या जबाबापासून सुरुवात करावी लागेल. "समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की" अशी त्याची ठरलेली सुरुवात. पुढचा मजकूर साक्षीदाराच्या नावाने प्रथमपुरुषात, पण अंमलदाराच्या भाषेत. अंमलदाराने काय विचारलं, ते त्यात कुठेच नसतं. आणि हाच मोठा दोष आहे, कारण आठवण प्रश्नातून बिघडते. लॉफ्टस यांच्या 1974 च्या प्रयोगात एकाच अपघाताची फिल्म पाहिलेल्यांना गाड्या एकमेकींवर 'आदळल्या' तेव्हा वेग किती होता असं विचारलं, काहींना सौम्य क्रियापद वापरून विचारलं. आठवड्याने फुटलेल्या काचा पाहिल्याचं पहिल्या गटातल्या 50 पैकी 16 जणांनी सांगितलं, दुसऱ्या गटात 50 पैकी 7 जणांनी. काचा फुटलेल्याच नव्हत्या. प्रश्नच नोंदलेला नसेल, तर उत्तर साक्षीदाराचं की विचारणाऱ्याचं हे न्यायाधीशांना कळायला मार्ग नाही.

पहिली सुधारणा त्यामुळे ठरते: जबाबाचं दृक्श्राव्य चित्रीकरण, प्रश्नांसकट. नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात झडती आणि जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे, साक्षीदाराच्या जबाबाचं ऐच्छिक. हे प्राधान्य उलटं आहे. जप्त केलेला कोयता मुद्देमाल कक्षात तसाच राहतो. साक्षीदाराची आठवण राहत नाही. निदान सात वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तरी हा 'करता येईल' काढून 'करावं' असं लिहिलं जावं.

दुसरी सुधारणा वेळेची. 2016 चं निरीक्षण इथे उपयोगी पडतं: पहिल्या आठवड्यात सामान्य माणसाची आठवण असामान्य माणसाच्या तोडीची असते, नंतर ती मागे पडते. मुख्य साक्षीदाराचा पहिला जबाब आठवड्याच्या आत व्हावा, उशीर झाला तर कारण लेखी असावं. साक्षीदारांना एकत्र बसवू नये. आरोपीचा फोटो मोबाइलवर आधी दाखवून नंतर ओळख परेड घेणं म्हणजे परेडचा उपयोग तिथेच संपवणं. साक्षीदार पुढे ओळखतो तो मोबाइलवरचा चेहरा.

तिसरी सुधारणा विचारण्याच्या रीतीची. अमेरिकेत फिशर आणि गायझलमन यांनी 1980 च्या दशकात बसवलेली मुलाखतीची पद्धत जगभर वापरली जाते, आणि ती शिकायला अवघड नाही. आधी साक्षीदाराला जागा, उजेड, आवाज, मनःस्थिती आठवू द्यायची. मग त्याला न तोडता बोलू द्यायचं, क्षुल्लक वाटेल तेही. "आठवत नसेल तर तसं सांगा, अंदाज करू नका" हे सुरुवातीलाच बजावायचं. उघडे प्रश्न आधी, 'हो-नाही'चे शेवटी. "चाकू कोणत्या हातात होता?" हा प्रश्न साक्षीदाराने स्वतः चाकूचा उल्लेख करेपर्यंत विचारायचाच नाही. आणि "आठवत नाही" ही उत्तरंही तशीच नोंदवायची. आजच्या जबाबांत ती सापडत नाहीत, त्यामुळे कागदावरचा प्रत्येक साक्षीदार सर्वज्ञ दिसतो.

वकिलांचा आक्षेप ठाऊक आहे: पहिल्या चित्रफितीत नसलेला तपशील साक्षीदाराने कोर्टात सांगितला की बचाव पक्ष त्याला 'सुधारणा', म्हणजे मागाहून घातलेली भर, म्हणणार. आक्षेप रास्त आहे, पण आजही तेच होतं, फक्त अंमलदाराने काय वगळलं आणि साक्षीदाराने काय, हे कळत नाही. दुसऱ्यांदा सांगताना खरी नवी गोष्ट आठवू शकते, हे मानायलाच हवं. तिथे न्यायालयाने विचारावं ते एवढंच, की दोन जबाबांच्या मधल्या काळात हा तपशील साक्षीदाराला दुसरीकडून मिळण्याजोगा होता का? वृत्तवाहिनीवर, व्हॉट्सॲपवर, सरकारी वकिलांच्या केबिनमध्ये? नव्हता, तर त्याचं वजन वाढतं. होता, तर साक्षीदार कितीही प्रामाणिक असला तरी त्या तपशिलाला स्वतंत्र पुरावा हवा.

उद्या आपल्याकडच्या एखाद्या खटल्यात खराच एचसॅम असलेला साक्षीदार उभा राहिला तरी याच कसोट्या लागतील. त्याच्या स्मृतीची परीक्षा यादृच्छिक तारखांनी घेता येईल, आणि ती त्याने पार केली तर तारीख, वार, क्रम या बाबतीत त्याचं सांगणं भरवशाचं धरता येईल. पण घटनेनंतर त्याने टीव्हीवर काय पाहिलं आणि त्याला कुणी काय विचारलं, हे त्यालाही विचारावं लागेल.

साधनांची सबब आता उरलेली नाही. ई-साक्ष्य ॲप 2024 पासून तपास अधिकाऱ्यांच्या मोबाइलमध्ये आहे, घटनास्थळाचं आणि जप्तीचं चित्रीकरण त्यातून होतंच. प्रशिक्षणाची गरज आहे ती दुसऱ्या गोष्टीसाठी: कॅमेरा सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं साक्षीदाराला मध्येच न तोडण्यासाठी.